अकरा अर्धवट, आणि बारावं खुणावतंय

पत्र:

ताई, काल रात्री झोप येईना म्हणून मी घरातली अर्धवट कामं मोजली. ११ निघाली. दोन गोधड्या, त्यातल्या एकीचा वरचा थर जोडून झालाय आणि दुसरी अजून चौकोनांच्या गठ्ठ्यातच आहे. एक स्वेटर, त्याची पाठ झाली, एक बाही झाली, पुढचा भाग सुईवर. मोज्यांतला एकच मोजा. एक शाल, एक टोपी. बेतून ठेवलेला ड्रेस. चेन लावायची राहिलेली पिशवी. पडदे, जे गेले सहा महिने खाली टाचण्या लावून तसेच लटकतायत. मण्यांचं एक ब्रेसलेट आणि कानातल्यांच्या जोडातलं एक कानातलं. आणि एवढं असून काल मी नव्या शालीसाठी लोकर बघत बसले होते.

बहीण म्हणते एक काम हातात घे, ते संपव, मगच दुसऱ्याला हात लाव. तशी शपथ मी तीनदा घेतली, आठवड्याच्या वर टिकली नाही. आणि वरचा थर झालेली ती गोधडी नेमकी तिच्याच बाळासाठी घेतलेली, बाळ आता तीन वर्षांचं आहे आणि घरभर पळतं. जुनं काम उघडलं की अर्धा तास मी कुठे होते हे शोधण्यातच जातो आणि वैतागून परत बंद करते. टेबल एकच, त्याच्यावरच मशीन. माझ्यात काही बिघाड आहे का, की नुसतीच शिस्त नाही? आणि बहिणीचा नियम बरोबर आहे का?

– अर्धवट

उत्तर:

अगं अर्धवट (सही तूच केलीयस, मी नाही म्हणाले), तू ताई म्हटलंस म्हणून मी सरळ एकेरीवर आलेय, चालेल ना.

बिघाड वगैरे काही नाही. हे लिहिताना माझीच सहा कामं उघडी आहेत आणि सोफ्याखाली एक सातवं आहे ते मी मोजत नाही, का ते विचारू नकोस. शिस्तीचं नंतर बघू, आधी बहिणीचा नियम.

तुझी बहीण बहुतेक एकच कुठलीतरी गोष्ट करत असणार किंवा काहीच करत नसणार, कारण हा नियम अशाच माणसांना सुचतो. तिला बाहेरून दिसतं की हिची ११ कामं आहेत, सगळी सुई-दोऱ्याची, मग एक संपवून दुसरं घ्यायला काय जातंय. पण तुला माहितीये ना, की ही एकाच जातीची कामं नाहीत. मशीनवरची शिलाई म्हणजे टेबल, आवाज, इस्त्री शेजारी तापलेली, घरात कुणी झोपलं असेल तर बंद. गोधडीचे थर लावायचे तर जमीन रिकामी लागते आणि गुडघे शाबूत लागतात. मणी ओवायला नीट उजेड आणि स्थिर हात, आणि कुणी मध्येच धक्का मारणार नाही अशी जागा. विणकाम तेवढं मांडीवर होतं, गप्पा मारत होतं, कुठे वाट बघत बसलीस तरी होतं. आता समज तू बहिणीचं ऐकून फक्त गोधडी हातात घेतलीस, तर रात्री दहानंतर मशीन बंद, प्रवासात गोधडी नेता येत नाही, थकून आलीस की जमिनीवर बसवत नाही, म्हणजे हातात काहीच नाही. आणि तुझ्यामाझ्यासारख्यांचे हात रिकामे राहत नाहीत, ते जाऊन नवीन लोकर बघतात. तुझी शपथ आठवड्यात मोडते ती याच्यामुळे, त्याला मी तरी शिस्तीचा अभाव म्हणणार नाही, नियमच कामाला लागू पडत नव्हता.

तेव्हा एक काम नको, पण ११ पण नकोत. मी स्वतः जागेप्रमाणे धरते. टेबलाचं एक, मांडीवरचं एक, उजेडाचं एक. मांडीवरचं फारच डोकेफोडीचं असेल, म्हणजे जाळीची शाल, प्रत्येक ओळीला नमुना बघायला लागतोय, तर जोडीला एक बिनडोक विणकाम चालतं, नुसतं सुलट सुलट. म्हणजे झाली चार. बाकीची बंद. बंद म्हणजे टाकलेली नाहीत, रांगेत उभी.

आता चारच का, तर त्याला एक गणित आहे आणि ते मला फार उशिरा कळलं. १९६१ मध्ये जॉन लिटल म्हणून एका अमेरिकन प्राध्यापकाने एक साधा नियम गणिताने सिद्ध केला, तो कारखान्यात, दवाखान्याच्या रांगेत, सगळीकडे वापरतात. सरासरी किती गोष्टी चालू आहेत त्याला किती वेगाने संपतात त्याने भागलं, की एकेक गोष्ट सरासरी किती काळ अडकून पडणार ते मिळतं. तुझ्याकडे ११ चालू आणि समजा महिन्याला एक पूर्ण होतंय, एक संपलं की दुसरं आत येतंय, तर प्रत्येक काम सरासरी ११ महिने घरात लोळणार. हात तेवढेच, वेग तोच, पण चारच चालू ठेवलीस तर चार महिने. तू जास्त काम करत नाहीयेस, कमीही नाही, फक्त प्रत्येक गोष्ट जवळजवळ तीन पट उशिरा हातात पडतेय, आणि तोपर्यंत बाळ पळायला लागतं.

पण खरं सांगू का, मला तुझ्या पत्रात ११ हा आकडा खटकलाच नाही. खटकलं ते पुढचं वाक्य, की अर्धा तास मी कुठे होते हे शोधण्यातच जातो. सगळं दुखणं तिथे आहे. तू कामं चुकीच्या जागी सोडतेस. दाराची बेल वाजली, फोन आला, झोप आली, की जिथे असेल तिथे ठेवलं आणि उठली. एकच काम असतं तेव्हा हे खपतं कारण उद्या परत तेच घ्यायचं असतं, हाताला आठवतं. चार-पाच कामं फिरवायची असतील तर सोडणं हाही कामाचाच भाग धरावा लागतो, आणि प्रत्येक कलेची सोडायची जागा वेगळी असते.

विणकामात ओळ अर्धी सोडू नकोस. बाकी काही पाळलं नाहीस तरी हे पाळ. सोडावीच लागली तर लक्षात ठेव, आपण नेहमीसारखं डाव्या सुईवरून उजवीवर विणत असू तर चालू धागा उजव्या सुईच्या शेवटच्या टाक्यातून येतो, तसाच धरून पुढे जायचं. मी एकदा उलट्या दिशेने धरून पंधरा ओळी विणल्या आणि मध्ये एक छोटंसं भोक का पडलंय हे कळायला दुसरा दिवस उजाडला. आणि काम महिनाभर बाजूला जाणार असेल तर सुईवर ठेवूच नकोस. एका जाड सुती दोऱ्यावर सगळे टाके उतरवून घे, दोन्ही टोकांना सैल गाठ. सुईवर महिनोन्‌महिने राहिलेल्या टाक्यांची तेवढीच ओळ ताणलेली दिसते, धुतल्यावर पण कधीकधी जात नाही. आणि दुसरं म्हणजे, आपण सगळ्याच चोर असतो. नवीन टोपीला ४ मिलीमीटरची सुई हवी म्हणून स्वेटरमधून काढून घेतो, आणि स्वेटरकडे परत येतो तेव्हा ती ४ होती की साडेचार हे देवालाच माहीत. सुई काढायची तर काढ गं, पण आकडा चिठ्ठीवर लिहून मग काढ.

तुझ्या स्वेटरचं याच्याही पुढे आहे. हात बदलतो. पाठ विणलीस तेव्हा १० सेंटीमीटरमध्ये २२ टाके बसत होते समज, आणि आता वर्षभराने तू सैल विणायला लागलीस आणि २० बसतायत. ११० टाक्यांचा पुढचा भाग २२ च्या हिशेबाने ५० सेंटीमीटर व्हायला हवा तो ५५ होणार. पाठ आणि पुढचा भाग शिवायला घेशील तेव्हा कळेल, आणि तेव्हा रडायला येतं, मी रडलेय. म्हणून पुढचा भाग जिथे आहे तिथून लगेच विणत सुटू नकोस. सवय परत यायला आधी दुसऱ्या कुठल्यातरी लोकरीवर वीसेक मिनिटं विण, मग स्वेटरच्या चार-पाच ओळी, मग पट्टी लावून पाठीवर आणि पुढच्या भागावर दोन्हीकडे मोज. फरक आला तर अर्ध्या मिलीमीटरने बारीक किंवा जाड सुई घेऊन बघ. लोकर पुरेल का तेही आत्ताच बघ. पुरत नसेल आणि नवीन आणलीस तर लेबलवरचा रंगाच्या घाण्याचा नंबर जुळतोय का बघ, नसेल जुळत तर दोन ओळी जुन्या गुंड्याच्या, दोन नव्याच्या असं विणत जा, म्हणजे रंगाचा फरक एका रेषेत दिसत नाही, विरघळतो.

गोधडीचं वेगळं. तिथे तुकडे जोडताना सोडायची असेल तर एक पूर्ण ओळ किंवा एक पूर्ण चौकट जोडून, इस्त्री करून सोडायची. आणि मायेची, म्हणजे शिलाईच्या बाहेर सोडतो त्या कापडाची, खूण ठेवायची. आपण शिलाईला पाव इंच माया ठेवतो, बरोबर? मध्ये तू मशीनवर पिशवी शिवलीस, कापड दाबून धरणारं फूट बदललंस, सुईची जागा हलली, आणि गोधडीकडे परत आलीस तर डोळ्याला तोच पाव इंच वाटतो पण असतो एक मिलीमीटर जास्त. एका जोडाला दोन्ही कापडांची माया जाते, म्हणजे दोन मिलीमीटर. ओळीत १२ तुकडे तर ११ जोड, म्हणजे २२ मिलीमीटर. ती ओळ जुन्या ओळींपेक्षा दोन सेंटीमीटरनी आखूड, आणि तू म्हणणार कापडच आटलं. मी मशीनच्या पट्टीवर चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवते, आणि परत सुरू करताना आधी दोन फालतू चिंध्या जोडून मोजते. फालतू चिंध्यांची आपल्याकडे टंचाई नसतेच.

थर लावून पिना मारल्या की मात्र गोधडी पडू देऊ नकोस. वळचणीला पडलेल्या कामांत हेच सगळ्यात वाईट, कारण पिना गंजतात आणि गंजाचा डाग कापडातून निघता निघत नाही. लगेच शिवायला वेळ मिळणार नाहीये असं माहीत असेल तर पिनांऐवजी दोऱ्याने लांब लांब कच्चे टाके घालून ठेव, तळहाताएवढ्या अंतरावर, मग ती वर्षभर घडी घालून राहिली तरी बिघडत नाही, फक्त मधूनमधून घडी बदल नाहीतर चुणी पक्की बसते. आणि खुणांचं पेन! हवेने उडून जाणारं जे पेन असतं त्याने मी एकदा अख्ख्या गोधडीवर नक्षी काढली, रविवारी, खूप सुंदर, आणि पुढच्या शनिवारी उघडली तर कोरं कापड. ते पेन एक-दोन दिवसांचंच असतं. आणि पाण्याने जाणाऱ्या पेनवर चुकून इस्त्री फिरली तर खूण पक्कीच बसू शकते, म्हणजे दोन्हीकडून मार. जी गोधडी आज ना उद्या संपेल अशी आशा आहे तिला साधा शिवणकामाचा खडू बरा.

मण्यांचं काम सोडताना दोरा ढिला पडणार नाही हे बघायचं. शेवटच्या चार-पाच मण्यांतून दोरा परत फिरवून एक अर्धी गाठ मारून ठेव, आणि शेपूट कमीत कमी एक वीत राहू दे, नवीन दोरा जोडायला लागतं तेवढं. मणी वाटीत ठेवू नकोस, झाकणाच्या डबीत ठेव आणि डबीवर नंबर लिही, कारण ११ नंबरचा मणी आणि १५ नंबरचा मणी नुसता डोळ्याने वेगळा कळतो खरा (आकडा मोठा तेवढा मणी बारीक, हे नवीन माणसाला कायम उलटं वाटतं) पण एकाच नंबरचे दोन वेगळ्या कंपन्यांचे मणी नाही कळत, आणि ते मिसळले की विणीच्या कडा नागमोडी होतात. मांजर असेल तर देव तुझं भलं करो.

बेतलेल्या कापडाचं एवढंच, गळा आणि मुंढा (बाही जोडायची गोलाई) कापल्या कापल्या त्यावर शिलाईच्या रेषेच्या किंचित बाहेर, मायेत, एक साधी टीप मारून ठेवायची, ड्रेस वर्षाने शिवला तरी चालेल. ते गोलाईचे भाग तिरप्या धाग्यात येतात आणि नुसत्या उचल-ठेवीत ताणले जातात. तुकडे टांगू नकोस, आडवे ठेव. आणि तुझ्या त्या ड्रेसचे तुकडे शिवायच्या आधी आपली मापं परत घे. बस, जास्त काही बोलत नाही.

आता चिठ्ठी. हे वाचून तू म्हणशील हं, ठीक आहे, आणि करणार नाहीस, म्हणून जरा जोर देऊन सांगते. प्रत्येक कामाची वेगळी पिशवी, आणि पिशवीत एक पुठ्ठ्याचा तुकडा. त्यावर शेवटी काय केलं ते लिहायचं नाही. पुढे काय करायचं ते लिहायचं. "३४वी ओळ झाली" याने काहीच कळत नाही, तू तीन महिन्यांनी त्याच्याकडे बघत बसशील. "३५वी ओळ उलट बाजूने, त्यानंतर मुंढ्यासाठी दोन्हीकडे ५ टाके बंद, बाहीला असंच केलंय" असं लिहिलं की बसल्या बसल्या सुरू. जोडीला सुईचा नंबर, लोकरीचं लेबल, आणि जी चूक दिसलीये पण आत्ता दुरुस्त केली नाही ती. मोबाइलवर फोटो पण काढते मी पण तो फोटो नंतर सापडत नाही, पुठ्ठा सापडतो.

याने डोकंही हलकं होतं, ही नुसती माझी बडबड नाही. २०११ मध्ये मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांचे काही प्रयोग प्रसिद्ध झाले, त्यात दिसलं की अपूर्ण राहिलेलं काम दुसरं काही करताना मध्येमध्ये डोक्यात येऊन त्रास देतं, पण ते पुढे कधी, कुठे, कसं करायचं याचा नेमका बेत माणसाने केला की काम पूर्ण न होताच तो त्रास कमी होतो. तुझी झोप उडवणाऱ्या ११ जणींना एकेक पुठ्ठा दे आणि बघ.

आता तुझी यादी घेऊन बसते, कारण नुसता उपदेश करून पळ काढणं मला आवडत नाही.

पिशवीची चेन, कानातल्यातलं दुसरं, टोपी. ही तीन एकेका बैठकीची कामं आहेत, फार तर टोपीला दोन. ही या आठवड्यात संपव, एवढ्याच कारणासाठी की ११ चे ८ होतात आणि तुला बरं वाटेल. कानातल्यातलं पहिलं समोर ठेवून दुसरं कर आणि मणी मोजून कर, अंदाजाने केलंस तर जोड होणार नाही. आणि पहिल्यासारखा दोऱ्याचा ताण आला नाही तर चिडून पहिलं उसवू नकोस, दुसरं उसव, पहिल्याने काय पाप केलंय.

एकटा मोजा ही सगळ्या विणणाऱ्यांची गोष्ट आहे. पहिल्या मोज्यात सगळी मजा संपते आणि दुसरा म्हणजे नुसती नक्कल. यावर मला एकच उपाय सापडलाय, पहिल्याचे टाके बंद केले की त्याच बैठकीत, उठायच्या आधी, दुसऱ्याचे टाके घालून चार ओळी विणायच्या. तुझ्या बाबतीत ती बैठक होऊन गेली, हरकत नाही, आज घाल. हे तुझं मांडीवरचं बिनडोक काम. पहिल्यात किती ओळींवर टाच घेतली ते मोजून पुठ्ठ्यावर.

स्वेटर हे मांडीवरचं खरं काम. शाल रांगेत. शालीची लोकर स्वेटरच्या लोकरीबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव, आणि ठेवायच्या आधी उन्हात झटक, कारण लोकरीला कसर लागली तर अर्धवट काम आहे की पूर्ण हे ती बघत नाही.

ब्रेसलेट हे उजेडाचं काम, पण कानातलं झाल्यावर. दुसरी गोधडी, ती चौकोनांच्या गठ्ठ्यातली, तिच्याबद्दल मला एक विचारायचंय. आज ते चौकोन दुकानात दिसले असते तर तू घेतले असतेस का? नुसता प्रश्न आहे. उत्तर हो असेल तर रांगेत ठेव. नाही असेल तर ते चौकोन दुसऱ्या कुणाला दे, किंवा पिशव्यांच्या अस्तराला वापर, नाहीतर मशीन शिकणाऱ्या एखाद्या मुलीला सरावाला. "एवढं कापलंय आता" हे शिवायचं कारण होऊ शकत नाही, कापायला लागलेला वेळ तू शिवलीस म्हणून परत येणार नाहीये. मी अशी एक गोधडी निव्वळ हट्टाने पूर्ण केली, दीड वर्ष, आणि आता ती इस्त्रीच्या टेबलावर अंथरायला आहे, मला तिचा रंग अजूनही बघवत नाही.

बाळाची गोधडी. इथे मी जरा स्पष्ट बोलते. तू ती पूर्ण करत नाहीयेस ते वेळेमुळे नाही, लाजेमुळे. दर वेळी ती उघडली की तीन वर्षं दिसतात. पण गोधडीला कुठे माहितीये ती किती वर्षांच्या माणसाची आहे. वरचा थर झालेला आहे म्हणजे अवघड अर्धं झालंय. ती लहान पडेल असं वाटत असेल तर चारी बाजूंनी एक रुंद पट्टी जोड, साधा एक रंग, पंधरा-वीस सेंटीमीटरची, नमुना बिघडत नाही उलट चौकट आल्यासारखी दिसते, आणि बाळाची गोधडी मुलाची होते. मग खालचं कापड चारी बाजूंनी दहा सेंटीमीटर जास्त ठेवून काप, मधला भराव पण तसाच, आणि हातात फार नक्षी घेऊ नकोस, सरळ रेषा मार, जोडांच्या कडेकडेने. नवं कापड आणि जुनं कापड एकत्र येतंय तर नवं आधी धुऊन घे, गडद रंग असेल तर पांढऱ्या ओल्या फडक्यावर घासून बघ रंग सोडतो का. हे तुझं टेबलाचं काम, आणि हे संपेपर्यंत टेबलावर दुसरं काही नाही, ड्रेस पण नाही. आणि बहिणीला आधी सांगू नकोस. सांगितलं की निम्मं समाधान तिथेच मिळून जातं आणि मग हात हलत नाही, निदान माझा तरी नाही.

टेबल एकच असल्याचं तू लिहिलंस, त्यावर माझ्याकडे जादू नाही. मशीन रोज उचलायचं असेल तर एक मोठा ट्रे घे, किंवा जाड पुठ्ठा, चालू असलेले तुकडे ज्या क्रमाने मांडलेत तसेच त्यावर राहू देत, वर दुसरा पुठ्ठा, आणि सगळंच्या सगळं कपाटाच्या वर किंवा पलंगाखाली सरकव. आवरताना तुकड्यांचा ढीग करतो ना आपण, त्यातच उद्याचा अर्धा तास गेलेला असतो. आणि मशीन बाजूला ठेवायच्या आधी त्यात कुठली सुई आहे ते चिठ्ठीवर लिहून चिकटव. जाड कापडाची ९० ची सुई लावून विसरलीस आणि तलम कापडावर चालवलीस तर भोकं दिसतील. तसंही साताठ तास शिवलं की सुई बदलायची असते, आपल्यापैकी कुणी बदलत नाही, टाके सुटायला लागले की मग मशीनला शिव्या घालतो.

राहिली ती नवी लोकर. घेऊ नको असं मी म्हणणार नाही, माझ्या तोंडी शोभत नाही. पण नवीन काम सुरू करायची जी सुरसुरी येते ती बऱ्याचदा कुठल्यातरी चालू कामात कंटाळ्याचा टप्पा आला की येते हे तू पण बघ कधी, थर लावायची वेळ आली, धाग्यांची टोकं लपवायची वेळ आली, चेन लावायची आली. तेव्हा सुरसुरी आली की मी नमुन्याचा एक छोटा चौकोन विणते फक्त, १० बाय १०, त्या नव्या लोकरीचा किंवा जी घरात असेल तिचा. पाऊण तासात निम्म्या वेळा हौस फिटते. निम्म्या वेळा नाही फिटत, मग ते काम रांगेत येतं, पुठ्ठ्यासकट, आणि चारातलं एक संपलं की त्याचा नंबर.

यादीत पडदे राहिले बघ. त्यांच्याबद्दल तू सगळ्यात जास्त ओशाळून लिहिलंयस, सहा महिने टाचण्या लावून लटकतायत म्हणून, आणि गंमत म्हणजे तेवढं एक काम तू अगदी पुस्तकात सांगतात तसं केलंयस. पडद्याचं कापड टांगल्यावर स्वतःच्या वजनाने थोडं खाली येतं, म्हणून एक-दोन दिवस लटकत ठेवूनच खालची पट्टी शिवायची असते. तुझे यायचे तेवढे खाली येऊन झाले असतील. टाचण्या गंजल्यात का तेवढं बघ, पट्टी परत एकदा जमिनीपासून मोज आणि शिवून टाक.